कंपवातातील निद्राविकार व हस्तोपचार

कंपवात (पार्किन्सन रोग) झालेल्या रुग्णांना झोपेसंबंधीच्या ज्या तक्रारी उद्भवतात, त्यांच्या शमनासाठी प्रत्यक्ष हातांनी त्वचा, स्नायू व सांधे यांवर केलेल्या उपचारांना येथे हस्तोपचार म्हटले आहे. चोळणे, मळणे, दाबणे, स्नायू ताणणे, सांधे हलविणे इ. क्रियांचा त्यांत समावेश होतो. हे उपचार औषधांना पर्याय नसून पूरक आहेत. त्यांची उपयुक्तता झोप कोणत्या कारणाने मोडते यावर अवलंबून असते. अंगाचा ताठरपणा, वेदना व मानसिक ताण यांमुळे मोडणारी झोप हस्तोपचारांनी काही अंशी सुधारू शकते. परंतु मेंदूतील निद्रानियंत्रक केंद्रांच्या ऱ्हासामुळे निर्माण झालेले विकार त्यांनी बरे होत असल्याचे आढळलेले नाही. त्यामुळे उपचारापूर्वी कारण ओळखणे हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

रोगाचे स्वरूप : कंपवातात मध्यमस्तिष्कातील ‘कृष्णद्रव्य’ या गडद रंगाच्या भागातील तंत्रिका कोशिकांचा हळूहळू नाश होतो. या कोशिका डोपामीन हे रासायनिक द्रव्य निर्माण करतात. त्याच्या अभावामुळे विश्रांत अवस्थेतील कंप, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील मंदता व तोल सांभाळण्यातील अडचण ही प्रमुख लक्षणे दिसू लागतात. रोगग्रस्त कोशिकांमध्ये आढळणाऱ्या विशिष्ट पिंडांचे वर्णन एफ. एच. लेवी या जर्मन शास्त्रज्ञांनी १९१२ मध्ये केले. हे पिंड केवळ कृष्णद्रव्यातच नव्हे, तर मस्तिष्क स्तंभातील इतर केंद्रांतही आढळतात. झोप, जागृती आणि या दोहोंमधील संक्रमण यांचे नियमन करणाऱ्या काही केंद्रांचा त्यांत समावेश आहे. म्हणजे झोपेचा बिघाड हा कंपाचा केवळ दुय्यम परिणाम नसून बऱ्याच अंशी मूळ रोगाचाच भाग आहे.

इतिहास : जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) या ब्रिटिश वैद्यांनी १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सहा रुग्णांच्या आधारे या रोगाचे वर्णन केले. रोग बळावल्यावर झोपेत खंड पडतो, हे त्यांनी त्याच निबंधात नोंदविले आहे. रोगाला पार्किन्सन यांचे नाव देणारे फ्रेंच तंत्रिकावैज्ञानिक झां मार्तँ शार्को (१८२५–९३) यांनी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात अशा अनेक रुग्णांचे निरीक्षण केले. रुग्णाला एका स्थितीत फार वेळ राहवत नाही आणि स्थिती बदलण्यासाठी इतरांची मदत लागते, ही त्यांच्या वर्णनातील एक ठळक बाब आहे. रेल्वेच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर काही रुग्णांना बरे वाटते, असे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी यंत्राच्या साहाय्याने हादरे देणारी एक खुर्ची तयार करविली व तिच्या उपयोगाविषयी १८९२ मध्ये व्याख्यान दिले. पुढील वर्षी त्यांचे निधन झाल्याने हे संशोधन अपुरे राहिले.

हातांनी अंग चोळून झोप आणण्याची कल्पना याहून पुष्कळ जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नष्ट झालेली निद्रा परत आणणाऱ्या उपायांत अभ्यंग (तेल लावून मर्दन), उत्सादन (उटणे लावून चोळणे) व संवाहन (अंग हलके दाबणे) यांची गणना केली आहे. माधवनिदान या रोगनिदानावरील ग्रंथात वातव्याधींमध्ये ‘वेपथु’ या कंपयुक्त विकाराचा उल्लेख आहे. आधुनिक यूरोपीय मर्दनाची परंपरा पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या व्यायामसंस्थेशी जोडली जाते. मर्दनक्रियांचे आज रूढ असलेले वर्गीकरण मात्र डच वैद्य योहान मेत्स्खर (१८३८–१९०९) यांच्या पद्धतीतून प्रसृत झाले. जपानमधील ‘अन्मा’ ही मर्दनपद्धती दीर्घकाळ अंध व्यक्तींचा परंपरागत व्यवसाय होती. कंपवाताच्या रुग्णांवर तिचेही प्रयोग झाले आहेत.

निद्राविकारांचे प्रकार : कंपवाताच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना झोपेची एखादी तरी तक्रार असते. बहुतेक रुग्णांना सुरुवातीला झोप लागते. पण ती टिकत नाही. रात्रीतून अनेकदा जाग येते आणि पहाटे पुन्हा डोळा लागत नाही. यामागील कारणांचे दोन गट पाडता येतात.

पहिल्या गटात शरीराच्या स्थितीशी निगडित कारणे येतात. निरोगी माणूस झोपेत नकळत कूस बदलतो. कंपवाताच्या रुग्णाच्या धडातील स्नायू ताठर असतात व हालचाल सुरू करणेच अवघड जाते. त्यामुळे तो एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहतो. दाब पडलेला खांदा, कंबर किंवा नितंब दुखू लागला की जाग येते. संध्याकाळी घेतलेल्या औषधाचा प्रभाव उत्तररात्री ओसरत असल्याने या वेळी ताठरपणा अधिक असतो. पहाटेच्या सुमारास पायाची बोटे वाकडी होऊन पाऊल आत वळणे व पोटरीत वेदनायुक्त पेटका येणे, हेही याच काळात घडते. मानेतील व खांद्यातील दुखणे, बद्धकोष्ठामुळे होणारी अस्वस्थता, तसेच चिंता व विषण्णता यांचाही या गटात समावेश करता येईल. कंप गाढ झोपेत बहुधा थांबतो. परंतु झोप उथळ होताच किंवा कूस बदलताना तो पुन्हा सुरू होतो.

दुसऱ्या गटातील कारणे तंत्रिका तंत्रातील बिघाडाशी अधिक थेट संबंधित आहेत. त्यांपैकी सर्वांत लक्षणीय विकार स्वप्नावस्थेतील झोपेत होतो. या झोपेत डोळे बंद पापण्यांआड वेगाने हलतात, म्हणून तिला शीघ्र नेत्रचलन निद्रा असे म्हणतात. शिकागो येथील यूजीन ॲसरिन्स्की व नेथॅन्येल क्लाइटमन यांनी तिचा शोध १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. या झोपेत एरवी शरीराचे स्नायू शिथिल झालेले असतात व त्यामुळे माणूस स्वप्नानुसार हालचाल करीत नाही. मस्तिष्क स्तंभातील ही योजना बिघडली की, रुग्ण स्वप्न प्रत्यक्ष आचरू लागतो. तो ओरडतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्या व्यक्तीला मारतो किंवा पलंगावरून पडतो. कार्लोस शेंक, मार्क माहोवाल्ड व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथे १९८६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. पुष्कळदा तो कंपवाताची इतर लक्षणे दिसण्याच्या अनेक वर्षे आधीच सुरू होतो. हा विकार असलेल्या १,२८० व्यक्तींच्या, २४ केंद्रांत झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, बारा वर्षांत त्यांच्यापैकी सु. ७३ टक्के व्यक्तींमध्ये कंपवात किंवा तत्सम ऱ्हासरोग प्रकट होतो. पायांत असह्य वळवळ होऊन ते हलवत राहण्याची इच्छा होणे, श्वसनमार्ग अडून झोपेत श्वास थांबणे, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, दिवसा अनावर झोप येणे व औषधांमुळे होणारे भास हेही या गटातील विकार होत.

झोपेच्या तक्रारींचे मापन करण्यासाठी लंडनमधील के. रे चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पंधरा प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. जाग कशामुळे येते, अंग कुठे दुखते, कूस वळता येते की नाही, यांसारख्या प्रश्नांमुळे विकाराचे स्वरूप वेगळे करणे सोपे जाते. रुग्णाने अथवा घरातील व्यक्तीने दोन आठवडे ठेवलेली जागरणांची नोंदही निदानाला उपयोगी पडते.

हस्तोपचारांचे प्रकार : मर्दनाच्या मूलभूत क्रिया पाच आहेत : (१) तळहाताने लांब व सावकाश चोळणे, (२) स्नायू उचलून मळणे, (३) बोटांच्या टोकांनी किंवा अंगठ्याने खोलवर घर्षण करणे, (४) थापटणे आणि (५) हाताने सूक्ष्म कंपने देणे. कंपवातात पहिल्या दोन क्रिया प्रामुख्याने वापरतात. जोराचे थापटणे व अचानक झटका देणे टाळतात, कारण अनपेक्षित उद्दीपनाने स्नायू अधिक आखडण्याचा संभव असतो. भौतिकी चिकित्सेत यांखेरीज स्नायू सावकाश ताणणे, सांधे त्यांच्या संपूर्ण कक्षेत हलविणे व धड लयबद्धपणे दोन्ही बाजूंना फिरविणे या क्रिया केल्या जातात. अमेरिकन वैद्य अँड्रू टेलर स्टिल (१८२८–१९१७) यांनी प्रवर्तित केलेल्या अस्थिचिकित्सेत सांधे व त्यांभोवतालचे ऊतक हातांनी हलविले जातात. ऑस्ट्रेलियात जन्मलेले नट एफ. एम. ॲलेक्झांडर (१८६९–१९५५) यांच्या पद्धतीत शिक्षकाच्या हलक्या स्पर्शाच्या मार्गदर्शनाने उठणे, बसणे, निजणे या क्रिया अनावश्यक ताण न देता करण्यास शिकविले जाते. तिचे स्वरूप उपचारापेक्षा शिक्षणाचे अधिक आहे.

परिणामाची यंत्रणा : कंपवातातील ताठरपणा मेंदूतून येणाऱ्या चुकीच्या संदेशांमुळे निर्माण होतो, त्याचे मूळ स्नायूत नसते. त्यामुळे मर्दनाने तो कायमचा दूर होऊ शकत नाही. तथापि दीर्घकाळ ताठर राहिलेले स्नायू व सांध्यांभोवतालचे ऊतक आखूड व वेदनाशील होतात आणि या दुय्यम बदलांवर हस्तोपचार परिणामकारक ठरू शकतात. खांदा, धड व नितंब यांची हालचाल थोडी जरी मोकळी झाली, तरी कूस वळणे सुलभ होते.

दुसरा परिणाम स्पर्शाच्या द्वारे होतो. केसाळ त्वचेत मंदगतीने संदेश वाहून नेणारे असे काही तंत्रिका तंतू आहेत की, जे हलक्या व सावकाश स्पर्शाने विशेष उद्दीपित होतात. दर सेकंदास सु. १ ते १० सेंमी. या वेगाने हात फिरविला असता त्यांचा प्रतिसाद सर्वाधिक असतो व तोच स्पर्श सर्वांत सुखद वाटतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील संशोधनात दिसून आले. अशा स्पर्शाने चिंता कमी होते व झोपेस अनुकूल अवस्था निर्माण होण्यास मदत होते.

मर्दनाने मेंदूतील डोपामीन वाढते, असा दावा काही वेळा केला जातो. मर्दनानंतर लघवीतील डोपामीनचे प्रमाण वाढल्याच्या निरीक्षणांवर तो आधारलेला आहे. परंतु लघवीत आढळणारे डोपामीन मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होते, तसेच रक्तातील डोपामीन मेंदूत शिरू शकत नाही. याच कारणासाठी रुग्णाला डोपामीन न देता मेंदूत शिरू शकणारे लेव्होडोपा हे पूर्वद्रव्य द्यावे लागते. म्हणून हा दावा त्या निरीक्षणांनी सिद्ध होत नाही. अंगातील विषारी द्रव्ये मर्दनाने बाहेर पडतात, या समजुतीलाही आधार नाही.

प्रायोगिक पुरावा : अमेरिकेतील मायामी येथे झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कंपवाताच्या १६ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. पाच आठवड्यांत दहा वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास, एका गटाला मर्दन देण्यात आले व दुसऱ्याकडून क्रमाक्रमाने स्नायू शिथिल करण्याचा व्यायाम करून घेण्यात आला. मर्दनगटाची झोप कमी खंडित झाल्याचे व दैनंदिन कामांतील क्षमता सुधारल्याचे नोंदविले गेले. स्वीडनमध्ये हलक्या स्पर्शमर्दनाचा प्रयोग ४५ रुग्णांवर करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मर्दनानंतर लगेच लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित हॉर्मोनचे प्रमाण घटले. परंतु त्याचा दीर्घकालीन परिणाम आढळला नाही. यावरून हस्तोपचारांचा परिणाम मुख्यतः तात्कालिक असावा, असे दिसते.

ॲलेक्झांडर पद्धतीचा लंडन येथील प्रयोगही २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९३ रुग्णांचे तीन गट होते : या पद्धतीचे २४ पाठ घेणारा, तितक्याच वेळा मर्दन घेणारा आणि कोणताही अतिरिक्त उपचार न घेणारा. दैनंदिन हालचालींतील अडचणी पहिल्या गटात उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेने कमी झाल्या. मर्दनगटात तसा फरक आढळला नाही. ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत (२०१७) तोल किंवा हालचालींची अडचण असलेल्या रुग्णांसाठी या पद्धतीचा विचार करण्याची शिफारस आहे. निद्राविकारांसाठी तशी शिफारस केलेली नाही.

अशा प्रयोगांचा अर्थ लावताना एक अडचण नेहमी येते. औषधाच्या परीक्षणात एका गटाला खरी व दुसऱ्याला निष्क्रिय गोळी देता येते. मात्र आपले अंग चोळले गेले की नाही, हे रुग्णापासून लपविता येत नाही. कंपवातात ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण बरे वाटण्याच्या अपेक्षेनेही या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन स्रवते, असे कॅनडातील व्हँकूव्हर येथील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिले. शार्को यांच्या खुर्चीचे फेरपरीक्षण हे याचे बोलके उदाहरण होय. शिकागो येथे २३ रुग्णांवर महिनाभर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला कंपन देणाऱ्या खुर्चीत बसवून सुखद ध्वनी ऐकविण्यात आले व दुसऱ्याला खुर्चीत केवळ ध्वनी ऐकविण्यात आले. दोन्ही गटांत सुधारणा झाली. पण त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. रोज ठराविक वेळी शांतपणे बसणे, दुसऱ्या व्यक्तीचे लक्ष मिळणे आणि बरे वाटण्याची आशा यांचा वाटा अशा सुधारणेत मोठा असू शकतो. मिळालेला आराम त्यामुळे खोटा ठरत नाही. परंतु त्याचे श्रेय विशिष्ट तंत्राला देता येत नाही. महागड्या किंवा गूढ पद्धतीचा आग्रह धरण्यास त्यामुळे आधार उरत नाही.

उपचाराची पद्धत : हस्तोपचार शक्यतो झोपण्यापूर्वी एकदोन तास, औषधाचा प्रभाव चालू असताना, उबदार व शांत खोलीत करतात. बहुतेक प्रयोगांत अर्ध्या ते पाऊण तासाचा अवधी वापरला गेला आहे. पाठीला बाक आलेल्या रुग्णाला पालथे निजणे कठीण जात असल्याने त्याला कुशीवर किंवा उशीचा आधार देऊन खुर्चीत बसवितात. तळपाय व पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ व शेवटी खांदे या क्रमाने मध्यम दाबाने सावकाश चोळतात. त्यानंतर रुग्णाला उताणे निजवून, गुडघे दुमडून, ते सावकाश डावीकडे व उजवीकडे झुकवितात; यामुळे धडाचा ताठरपणा काही वेळ कमी होतो आणि कूस वळण्याचा सरावही होतो. पहाटे पाऊल आखडणाऱ्या रुग्णाची पोटरी व तळपाय रात्री ताणून घेतल्याने काहींना आराम पडतो. भौतिकी चिकित्सकाकडून या साध्या क्रिया घरातील व्यक्तींनी शिकून घेणे इष्ट असते. रुग्णाची कूस बदलण्यासाठी त्यांना रात्रीतून अनेकदा उठावे लागते व त्यांचीही झोप मोडते. रुग्णाची एक जाग टळली, तर दोघांना विश्रांती मिळते. गुळगुळीत कापडाची चादर, फार जड नसलेले पांघरूण व पलंगाला धरण्यासाठी कठडा या साधनांचीही जोड द्यावी लागते.

दक्षता : कंपवाताच्या वृद्ध रुग्णांची हाडे पुष्कळदा ठिसूळ झालेली असतात, म्हणून जोराचा दाब देऊ नये. मानेला झटका देऊन ‘कडकड’ आवाज काढण्याचा प्रकार धोकादायक आहे, कारण त्याने मानेतील रोहिणीला इजा होऊन पक्षाघाताचा संभव असतो. मेंदूत विद्युत्‌ अग्रे बसविलेल्या रुग्णाच्या मानेतील तार व छातीतील यंत्र यांवर दाब देऊ नये. उच्च कंप्रतेच्या विद्युत् प्रवाहाने ऊतक तापविण्याचा (डायाथर्मी) उपचार अशा रुग्णांना पूर्णपणे वर्ज्य आहे. त्वचेवर औषधाची पट्टी लावली असल्यास ती जागा चोळू किंवा शेकू नये, कारण उष्णतेने औषध अधिक प्रमाणात शोषले जाते. उपचारानंतर रुग्णाने एकदम उभे राहू नये. या रोगात उभे राहताच रक्तदाब घटून घेरी येते. तेल वापरल्यास तळपाय पुसून कोरडे केल्याशिवाय रुग्णाला चालू देऊ नये. पायावर एकतर्फी सूज व वेदना असल्यास शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता लक्षात घेऊन वैद्यकीय तपासणीपूर्वी मर्दन करू नये.

मर्यादा : स्वप्नात हातपाय झाडणाऱ्या रुग्णाला हस्तोपचारांनी संरक्षण मिळत नाही. त्याच्यासाठी मेलॅटोनीन किंवा क्लोनाझेपाम यांसारखी औषधे वैद्याच्या सल्ल्याने द्यावी लागतात, पलंगाजवळील टोकदार वस्तू हलवाव्या लागतात व आवश्यक तर जमिनीवर गादी अंथरावी लागते. झोपेत श्वास अडणे, भास होणे व दिवसा अनावर झोप येणे यांसाठी स्वतंत्र तपासणी आवश्यक असते. पायांतील वळवळीमागे शरीरातील लोहाची कमतरता असू शकते. उत्तररात्रीचा ताठरपणा फार असेल, तर रात्रीच्या औषधाची मात्रा किंवा प्रकार बदलणे हाच मुख्य उपाय ठरतो. मर्दनाने बरे वाटते म्हणून लेव्होडोपा कमी करणे किंवा एकाएकी थांबविणे घातक असून त्यामुळे तीव्र ताठरपणा, ज्वर व बेशुद्धी येऊन जीवितास धोका संभवतो. रोगाची प्रगती हस्तोपचारांनी थांबत नाही. योग्य रुग्णाला, योग्य वेळी व बेताच्या अपेक्षेने दिल्यास वेदना व अस्वस्थता कमी करून रात्रीचे काही तास सुसह्य करणारा, अल्पखर्चाचा व घरी करता येण्याजोगा पूरक उपचार, हेच त्यांचे स्थान होय.